सांगण्यास लाज वाटणारे बैठकीचे दुखणे

दाढ दुखू लागली की मनुष्य ती चारचौघांत सांगतो. गुडघा धरला तर शेजारीण तेलाची वाटी घेऊन येते. पाठीत उसण भरली तर ती कशी उतरवावी याचे दहा उपाय दहा जण सुचवितात. परंतु शरीराच्या ज्या भागाचे नाव घरातही उच्चारले जात नाही, तेथे दुखू लागले म्हणजे तोच बोलका मनुष्य मुका होतो. बसताना तो एका अंगावर कलतो, पंगतीतून लवकर उठतो, लांबचा बसप्रवास टाळतो, आणि कोणी विचारलेच तर "कंबर धरली आहे" असे सांगून वेळ मारून नेतो. असे महिने जातात. कित्येकांची वर्षेही जातात.

अशाच एका दुखण्याची माहिती वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू आहे. विषय नाजूक आहे खरा. परंतु नाजूक म्हणून तो टाळला, तर ज्यांना या माहितीची सर्वांत अधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत ती कधीच पोचणार नाही. म्हणून जेथे जो शब्द आवश्यक आहे तेथे तो सरळपणे वापरला आहे. वडीलधाऱ्यांनी तो त्याच दृष्टीने वाचावा, अशी विनंती आहे.

नावातच लाज

ओटीपोटाच्या तळाशी, उजव्या व डाव्या बाजूस एकेक, असे दोन मज्जातंतू असतात. वैद्यकशास्त्रात त्यांस 'प्युडेंडल नर्व्ह' म्हणतात. हे नाव लॅटिन भाषेतून आले आहे. 'पुदेरे' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ लाजणे, आणि 'पुदेंदा' म्हणजे ज्यांची लाज वाटावी अशी अंगे. फ्रेंच वैद्यांनी तर या मज्जातंतूस आपल्या भाषेत सरळ 'लाजिरवाणा मज्जातंतू' असेच नाव दिले होते. आपण त्याला या लेखापुरते 'गुह्य मज्जातंतू' म्हणू; आणि 'गुह्य' म्हणजे तरी काय? जे झाकून ठेवावयाचे ते. शरीररचनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेची सुधारित आवृत्ती २०१९ साली निघाली, तेव्हा स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियासाठी वापरला जाणारा 'पुदेंदुम' हा शब्द तीतून वगळण्यात आला. परंतु मज्जातंतूचे नाव मात्र पूर्वीचेच राहिले.

वास्तविक या मज्जातंतूच्या कामात लाजण्यासारखे काहीच नाही. गुदद्वार, जननेंद्रिये आणि त्या दोहोंमधील मऊ जागा यांची स्पर्शसंवेदना मेंदूकडे पोचविणे हे त्याचे एक काम. मलमूत्र रोखून धरणाऱ्या स्नायूंस आज्ञा पोचविणे हे दुसरे. मनुष्य तासन् तास चारचौघांत निर्धास्तपणे वावरू शकतो, सभेत बसू शकतो, प्रवास करू शकतो, यात या मज्जातंतूचा मोठा वाटा आहे. ज्याच्यामुळे आपली लाज राखली जाते त्यालाच लाजेचे नाव मिळावे, हा भाषेचा एक विचित्र न्याय म्हणावयाचा!

वळणाची वाट

हा मज्जातंतू का दुखावतो हे समजण्यासाठी त्याची वाट थोडी समजून घेतली पाहिजे. कण्याच्या शेवटी, माकडहाडाच्या वर, त्रिकास्थी नावाचे त्रिकोणी हाड असते. तेथून निघणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या मज्जातंतूंचे धागे एकत्र येऊन गुह्य मज्जातंतू बनतो. तो प्रथम ओटीपोटाच्या पोकळीतून मागे कुल्ल्याकडे बाहेर पडतो. तेथे हाडाचे एक टोकदार टोक आहे. त्या टोकाला वळसा घालून तो पुन्हा आत शिरतो. वळसा घालताना तो दोन बळकट अस्थिबंधांच्या मधून जातो, म्हणजे दोन दोरखंडांच्या बेचक्यातून जणू एखादा सूत ओवावा तसा. पुढे तो एका अरुंद नळीवजा मार्गातून पुढच्या बाजूस जातो. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनाशास्त्रज्ञाने १८३६ साली या मार्गाचे वर्णन केले, म्हणून त्यास 'अल्कॉकचा मार्ग' असे नाव पडले. त्याच मार्गातून या मज्जातंतूच्या सोबतीने रक्तवाहिन्याही जातात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, बेचक्यात आणि अरुंद मार्गात हा मज्जातंतू आवळला जाण्याचा संभव असतो. दोन, वाटेत त्याचा काही भाग अशा ठिकाणी आहे की मनुष्य बसला म्हणजे शरीराचा भार त्याच्या आसपास येतो.

बसणे आणि बसणे यांतील फरक

निसर्गाने बसण्यासाठी दोन हाडे दिली आहेत. सपाट लाकडी पाटावर बसून दोन्ही हात कुल्ल्यांखाली घातले की ती बोटांस लागतात. त्यांस आपण बैठकीची हाडे म्हणू. सपाट व बेताच्या कठीण आसनावर माणूस ताठ बसला म्हणजे शरीराचा भार या दोन हाडांवर जातो आणि त्यांच्या मधली मऊ जागा मोकळी राहते. परंतु आसन मध्ये निमुळते व उंच असेल, किंवा इतके मऊ असेल की हाडे त्यात रुतून बसतील, तर भार हाडांवरून सरकून त्या मऊ जागेवर येतो. मज्जातंतू दाबला जातो, आणि सोबतची रक्तवाहिनीही दाबली जाते. म्हणूनच फार मऊ गादी ही बसणाऱ्याची मैत्रीण असतेच असे नाही.

थोडा वेळ दाब पडला तर काही बिघडत नाही. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात व उठल्यावर जातात, तसेच हे. परंतु तोच दाब दररोज, तासन् तास, वर्षानुवर्षे पडत राहिला, तर मज्जातंतूचे वेष्टण सुजते, आसपासच्या भागाशी त्याचे सरकणे कमी होते, आणि अखेर दाब नसतानाही तो दुखू लागतो. टेबलापाशी बसून काम करणारे कारकून, शिवणयंत्रावरील शिंपी, बस, ट्रक व ट्रॅक्टर यांचे चालक, गोव्यात मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे 'पायलट', आणि अलीकडे संगणकापुढे दिवस घालविणारी आपली मुले-मुली, या सर्वांचे काम बैठकीचे आहे. यांतील बहुतेकांस हे दुखणे कधीच होणार नाही. परंतु ज्यांस होईल त्यांस ते काय आहे हे कळले पाहिजे.

नॉर्वेतील सायकलस्वार

बैठकीच्या या दुखण्याचा सर्वांत चांगला अभ्यास सायकलस्वारांवर झाला आहे. १९८७ साली फ्रेंच डॉक्टरांनी सायकल चालविणाऱ्यांमध्ये अल्कॉकच्या मार्गात हा मज्जातंतू दाबला गेल्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९७ साली, नॉर्वे देशातील संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात दरवर्षी ५४० किलोमीटर लांबीची सायकलयात्रा होते. तीत भाग घेणारे बहुतेक लोक हौशी असतात. सायकल हा त्यांचा धंदा नसतो. या यात्रेनंतर त्यांस प्रश्न विचारण्यात आले. उत्तरे देणाऱ्या १६० पुरुषांपैकी ३५ जणांनी, म्हणजे शंभरात सुमारे २२ जणांनी, या भागातील मज्जातंतूंची तक्रार असल्याचे सांगितले. त्यांपैकी ३३ जणांचे जननेंद्रिय बधिर झाले होते. १० जणांचा बधिरपणा आठवड्याहून अधिक काळ टिकला. २१ पुरुषांस काही काळ नपुंसकत्व आले. त्यांतील ११ जणांच्या बाबतीत ते आठवड्याहून अधिक आणि तिघांच्या बाबतीत महिन्याहून अधिक राहिले.

या आकड्यांनी कोणी घाबरून जाऊ नये. बहुतेकांस पुढे बरे वाटले, आणि एका दमात ५४० किलोमीटर सायकल हाकणे हा काही रोजचा व्यवहार नव्हे. परंतु यातून एक बोध निश्चित मिळतो: बधिरपणा ही शरीराने दिलेली पहिली सूचना आहे. लांबच्या मजलीत सायकलस्वारांच्या हाताची बोटेही बधिर होतात, कारण हँडलवर तळव्यातील मज्जातंतू दाबला जातो. बोटे बधिर झाली की स्वार हात झटकतो, सोबत्यास सांगतो, पकड बदलतो. दुसऱ्या ठिकाणचा बधिरपणा मात्र तो कोणास सांगत नाही आणि तसाच पुढे पायडल मारीत राहतो.

पोलिसांनी तोंड उघडले

अमेरिकेत अनेक शहरांतील पोलीस सायकलवरून गस्त घालतात. दिवसाचे कित्येक तास त्यांचे सीटवर जातात. त्यांच्यापैकी काही जणांनी आपला बधिरपणा लपविला नाही; तो कामामुळे होणारा त्रास आहे म्हणून त्यांनी तो सांगितला. तेथील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तक्रारीची दखल घेतली. पाच महानगरीय विभागांतील ९० सायकलस्वार पोलिसांस, पुढचे निमुळते टोक नसलेल्या सीटा देण्यात आल्या आणि सहा महिने त्या वापरण्यास सांगण्यात आले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधल्या मऊ जागेवरील दाब ६६ टक्क्यांनी घटला होता. आरंभी, गेल्या सहा महिन्यांत सायकलवर एकदाही बधिरपणा आला नाही असे सांगणारे शंभरात २७ होते. सहा महिन्यांनंतर ते ८२ झाले. जुन्या सीटकडे परत वळणारे केवळ तिघे निघाले.

येथे औषध नव्हते, शस्त्रक्रिया नव्हती. बसण्याचे एक साधन बदलले, एवढेच. परंतु ते बदलण्यापूर्वी कोणीतरी आपल्या वरिष्ठांस जाऊन, आपणांस काय होते आहे, ते स्पष्ट शब्दांत सांगावे लागले, ही गोष्ट विसरता कामा नये.

व्यायाम, बाळंतपण आणि कुंथणे

सायकलीखेरीज इतर व्यायामांचाही येथे संबंध येतो. खांद्यावर वजन घेऊन खोल बैठका काढणे, जड वजने पायांनी रेटणे, वल्ही मारणे, म्हणजे ज्या व्यायामात मांड्या पोटाकडे पुनःपुन्हा जोराने वाकतात, ते सर्व व्यायाम काही व्यक्तींच्या बाबतीत या दुखण्यास कारण होतात किंवा असलेले दुखणे वाढवितात. त्या वेळी कुल्ल्यांतील खोल स्नायू व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताठरतात आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूस त्रास होतो. व्यायाम वाईट, असा याचा अर्थ नव्हे. ज्या व्यायामानंतर दर वेळी तेथे आग किंवा बधिरपणा येतो, तो व्यायाम त्या व्यक्तीने थांबवावा, एवढाच याचा अर्थ.

हे दुखणे पुरुषांचेच आहे अशी समजूत होऊ नये. स्त्रियांसही ते होते. बाळंतपणात मूल खाली येताना हा मज्जातंतू ताणला जातो, विशेषतः कळा दीर्घकाळ चालल्या किंवा चिमट्याने प्रसूती करावी लागली तर. बहुतेक माता यातून आपोआप सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र दुखणे राहते, आणि "बाळंतपणानंतर असे व्हायचेच" म्हणून सासू-सुना दोघीही गप्प बसतात. ओटीपोटावरील काही शस्त्रक्रियांनंतरही असे होऊ शकते. जुनाट बद्धकोष्ठ हेही एक कारण आहे: रोज शौचाच्या वेळी बराच वेळ कुंथल्याने ओटीपोटाचा तळ खाली ढकलला जातो आणि मज्जातंतू वारंवार ताणला जातो.

ओळखावे कसे?

पश्चिम फ्रान्समधील नांत या शहरातील डॉक्टरांनी या दुखण्याच्या अभ्यासास मोठी चालना दिली. २००६ साली तेथे तज्ज्ञांनी एकत्र बसून निदानाच्या खुणा ठरविल्या, आणि त्या २००८ साली प्रसिद्ध झाल्या. आज जगभर त्या 'नांतचे निकष' या नावाने ओळखल्या जातात. त्यांतील मुख्य खुणा पाच आहेत.

पहिली, वेदना याच मज्जातंतूच्या क्षेत्रात असते, म्हणजे गुदद्वारापासून जननेंद्रियापर्यंतच्या भागात. दुसरी, बसल्याने ती वाढते. तिसरी, वेदनेमुळे रोगी रात्री झोपेतून जागा होत नाही. चौथी, डॉक्टरांनी तपासले असता स्पर्शाची संवेदना गेलेली आढळत नाही. पाचवी, त्या मज्जातंतूजवळ बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले असता वेदना तात्पुरती थांबते.

रोगी या वेदनेचे वर्णन बहुधा आग, टोचणी, विजेचा झटका किंवा बधिरपणा असे करतो. गुदद्वारात काहीतरी अडकल्यासारखे वाटते असेही काही जण सांगतात. सकाळी उठल्यावर बरे असते आणि दिवस चढेल तसे दुखणे चढत जाते. आणखी एक मजेशीर वाटणारी परंतु महत्त्वाची खूण आहे: खुर्चीवर बसवत नाही, पण शौचालयाच्या कमोडवर बसले असता तितके दुखत नाही, कारण तेथे मधली जागा मोकळी राहते.

चौथ्या खुणेचा अर्थ नीट समजून घ्यावा. रोग्यास बधिर वाटू शकते. परंतु तपासणीत त्वचेची संवेदना खरोखरच गेलेली आढळली, तर कण्याच्या मुळाशी काही बिघाड आहे काय याचा शोध डॉक्टर आधी घेतात.

आडवाटेचे उपचार

लाजेमुळे दोन प्रकारची हानी होते. पहिली, रोगी उशिरा येतो. दुसरी, तो आला तरी अर्धेच सांगतो. "खाली त्रास होतो," एवढेच ऐकून डॉक्टरांनी तरी काय समजावे? मग कोणास मूळव्याधीचे मलम मिळते, कोणास लघवीच्या दाहाच्या गोळ्या मिळतात, कोणा पुरुषास प्रोस्टेट ग्रंथीची सूज समजून प्रतिजैविकांचे एकामागून एक क्रम दिले जातात. तपासण्या निर्दोष येतात, दुखणे राहतेच. शेवटी रोग्यास सांगण्यात येते की सारे मनाचे खेळ आहेत. काही जण तर जाहिरातबाज वैदूंच्या हाती सापडतात. 'गुप्तरोग' या एका शब्दाच्या पाटीखाली किती निष्पाप माणसांनी आपली कमाई ओतली असेल, त्याची मोजदाद कोण करणार!

घरातही याचे परिणाम दिसतात. पती पत्नीपासून दूर राहू लागतो आणि कारण सांगत नाही. पत्नी आपल्याच मनाशी नाना तर्क करते. स्त्रीला दुखत असेल, तर जवळीक तिला नकोशी होते आणि पतीस तो रुसवा वाटतो. एका मज्जातंतूवरील दाब असा संसारावरील दाब होऊन बसतो. खरे कारण एकमेकांस सांगितले, तर निदान गैरसमजाचे ओझे तरी तत्काळ उतरते.

उपचार कोणते?

सर्वांत प्रथम कारण दूर करावयाचे. सायकलमुळे दुखत असेल तर काही आठवडे सायकल बंद. बसणे कमी करावे, मध्ये भोक किंवा खाच असलेली उशी वापरावी, बद्धकोष्ठावर इलाज करावा. पुष्कळ रोग्यांस एवढ्यानेही बराच आराम पडतो.

दुसरा उपाय म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरील व्यायामोपचार. हे काम या विषयाचे शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टने करावयाचे असते. येथे एक सावधगिरी हवी. बाळंतपणानंतर स्नायू बळकट व्हावेत म्हणून आवळून धरण्याचे व्यायाम सांगतात. या दुखण्यात स्नायू बहुधा आधीच ताठरलेले असतात; त्यांस आणखी आवळल्याने त्रास वाढू शकतो. त्यांस सैल सोडण्यास शिकविणे हेच येथे मुख्य काम असते. म्हणून कोणाचे पाहून कोणी व्यायाम करू नये.

तिसरा उपाय औषधांचा. मज्जातंतूची वेदना नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांस फारशी दाद देत नाही. अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांसारखी मज्जातंतूंस शांत करणारी औषधे डॉक्टर देतात. ती हळूहळू वाढवावी व हळूहळूच कमी करावी लागतात. आपल्या मनाने ती सुरू किंवा बंद करू नयेत. चौथा उपाय म्हणजे मज्जातंतूजवळ इंजेक्शन. ते निदानासही उपयोगी पडते आणि काही काळ आरामही देते.

एवढ्यानेही भागले नाही, तर निवडक रोग्यांवर मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. नांत येथील प्राध्यापक रोबेर व त्यांचे सहकारी यांनी ३२ रोग्यांवर तिची पद्धतशीर परीक्षा करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नाही. एक वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या १४ रोग्यांपैकी १० जणांत सुधारणा दिसली. न झालेल्या १५ पैकी केवळ दोघांत. म्हणजे उपाय खरा आहे, पण सर्वांस गुण येतोच असे नाही, आणि आराम पडण्यासही महिने लागतात. तो अखेरचा उपाय म्हणूनच पाहावा.

रोजची काळजी

दुखणे होण्यापूर्वीच थोडी काळजी घेतली तर खर्च काहीच नाही. बैठे काम करणाऱ्याने अर्ध्या तासाने तरी उठून चार पावले चालावे. खुर्ची सपाट व बेताची घट्ट असावी. शौचास बसून फार वेळ कुंथू नये. भरपूर पाणी, भाजीपाला व फळे खावीत. मोटारसायकलवर लांब जावयाचे असेल तर वाटेत उतरावे.

सायकल तर सोडूच नये; हृदयास, फुप्फुसांस व खिशासही तिच्यासारखे हितकर वाहन दुसरे नाही. फक्त तिची सीट पाहावी. सीटचे पुढचे टोक वर उचललेले नसावे. ते समांतर किंवा किंचित खाली झुकलेले असावे. मागचा भाग इतका रुंद असावा की दोन्ही बैठकीची हाडे त्यावर टेकतील. सीट इतकी उंच नसावी की पायडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे हलवावी लागेल. हँडल फार खाली नसावे. लांबच्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी काही क्षण पायडलवर उभे राहावे. गोव्याच्या खेड्यांत पहाटे सायकलवरून पाव विकणारा पोदेर घरोघर थांबून पाय जमिनीस टेकतो. त्याच्या धंद्यानेच त्यास ही विश्रांती दिली आहे. सरळ रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर एका बैठकीत जाणाऱ्याने ती आठवणीने घ्यावी.

ज्या वेळी थांबू नये

काही लक्षणे मात्र निराळी आहेत आणि त्यांत एक रात्रही घालवू नये. दोन्ही मांड्यांच्या आतील बाजू व बसण्याचा भाग अचानक बधिर झाला, लघवी होईनाशी झाली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, अथवा पायांतील शक्ती गेली, तर कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा झुबका चेपला गेल्याची शंका घ्यावी व त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तेथे उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. शौचातून रक्त जाणे, ताप, गाठ लागणे, वजन घटणे, किंवा वेदनेने रात्री जाग येणे, यांचीही कारणे वेगळी असू शकतात. त्यांची तपासणी लवकर करून घ्यावी.

डॉक्टरांस कसे सांगावे?

तोंडाने सांगवत नसेल, तर चिठ्ठी लिहून न्यावी. तीत पाच गोष्टी असाव्यात: नेमके कोठे दुखते, कधीपासून, बसल्याने वाढते की नाही आणि उभे राहिल्याने किंवा निजल्याने थांबते की नाही, रोज किती तास बसणे, सायकल वा वजनाचा व्यायाम होतो, आणि लघवी, शौच व दांपत्यजीवन यांत काही फरक पडला आहे काय. स्त्रियांनी बाळंतपणाचा व शस्त्रक्रियेचा तपशीलही लिहावा. चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी आणि विचारावे, "हा गुह्य मज्जातंतूचा, म्हणजे प्युडेंडल नर्व्हचा त्रास असू शकेल काय?" गावातील डॉक्टरांस याचा अनुभव नसेल, तर मज्जातंतुतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा वेदनाचिकित्सा करणारे डॉक्टर यांच्याकडे पाठविण्याची विनंती करावी.

आणि घरच्या माणसांस एक सांगणे आहे. घरातील कोणी जेवणाच्या पंगतीत वारंवार उठत असेल, बसण्यास नाखूश असेल, सायकल असून पायी जात असेल, तर त्याची थट्टा करू नका. त्यास एकीकडे घेऊन सरळ विचारा. वडिलांनी मुलास, आईने मुलीस, पत्नीने पतीस विचारावे. पहिला प्रश्न विचारणे जड जाते. त्यानंतरचे बोलणे आपोआप होते, आणि चिठ्ठी लिहावयास दोघे बसले की काम निम्मे झालेच.